रिकाम्या खोलीचा आवाज

“ती ओरडली तर घाबरू नका. गप्प झाली की मात्र जवळ जाऊन बघा.”

किंकाळीबाईंची धाकटी बहीण फोनवर हे म्हणाली तेव्हा कात्रीच्या एका खांद्यावर तिचं तान्हं पिल्लू होतं, दुसरा खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन होता आणि उरलेल्या हाताने ती बाटलीतला दुधाचा थेंब मनगटावर पाडून बघत होती. “हो, हो, सांगते सरांना,” ती म्हणाली, आणि दूध एकदाचं कोमट झालं याचाच तिला जास्त आनंद झाला. शिवाय ते वाक्य तिला जरा फिल्मीच वाटलं. भयपटातल्या नटीची बहीण; यांच्या घरात असंच बोलत असतील, असं तिने ठरवून टाकलं. दिग्दर्शक सरांना सांगायचं राहिलं ते राहिलंच.

कात्री म्हणजे एडिटर. चित्रीकरणाच्या ढिगातून नको ते कापायचं, हवं ते जोडायचं. कामावरून पडलेलं नाव इतकं रुळलं होतं की घरी नवराही त्याच नावाने हाक मारायचा. पिल्लू अजून बसायलाही लागलं नव्हतं. ज्या दिवशी सासूबाईंची कंबर धरायची त्या दिवशी ते एडिटिंगच्या खोलीत, टेबलाखालच्या टोपलीत झोपायचं. कात्री काम करता करता हेडफोन सरकवून खाली वाकायची आणि त्याच्या नाकाखाली बोट धरायची. बोटाला ऊब लागली की पुन्हा कामाला. “अगं, त्याला श्वास घेऊ दे की,” सासूबाई म्हणायच्या, “तुझं बोटच आड येतंय.”

हातात होता तो माहितीपट किंकाळीबाईंवरचा. कात्री जन्मलीही नव्हती तेव्हा बाईंनी काही भयपट केले होते. सगळे स्वस्तातले. रक्त म्हणजे साखरेच्या पाकात लाल रंग, धुकं म्हणजे पडद्यामागे पेटवलेला ओला कचरा, आणि भूत म्हणजे बाई, लांब नखं आणि त्याहून लांब दात लावून. चित्रपट आपटले. बाईंनी ते सगळं सोडलं आणि डोळ्यांच्या दवाखान्यात रुग्णांच्या डोळ्यांत थेंब घालायची नोकरी धरली, ती निवृत्त होईपर्यंत केली. मग कुणा पोरांना जुन्या कॅसेटी सापडल्या, त्यांनी त्या इंटरनेटवर चढवल्या, आणि बघता बघता बाईंची किंकाळी लोकांच्या फोनची रिंग झाली. टी-शर्टांवर त्यांचं तोंड आलं. “मी त्यांना शोधून काढलं,” असं दिग्दर्शक जिथे तिथे सांगायचा. बाई काही हरवल्या नव्हत्या. त्याच घरात, दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावून राहत होत्या.

दिग्दर्शकाचं बोलणं साखरेत घोळलेलं. तो बाईंना ‘मावशी’ म्हणायचा, आणि म्हणताना त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवायचा. रोज येणारं चित्रीकरण बघताना कात्रीची नजर त्या हातावर जायची आणि तिला उगाच आपलाच गुडघा पुसावासा वाटायचा. बाईंचं घर लख्ख होतं. भांडी अशी घासलेली की त्यात कॅमेरा दिसायचा. ते त्याला चालेना. “जरा खचलेलं दिसू दे,” असं कॅमेऱ्यामागून तो कुजबुजला, ते आवाजात आलं, आणि पुढच्या दृश्यात कपाटाच्या कोपऱ्यात स्प्रेने मारलेलं नकली जाळं लोंबत होतं. बाई त्याच्याकडे बघत म्हणाल्या, “हे कुठल्या कोळ्याचं काम? आमच्याकडचे एवढे कष्टाळू नाहीत.” सगळे हसले. कात्रीही हसली. जाळं तिथेच राहिलं.

चित्रपट का सोडला, हे बाईंनी एकदा नीट सांगितलं होतं. “पेटीतला शॉट होता. मला आत निजवलं, झाकण लावलं. मी ओरडायचं, आणि शॉट संपला की त्यांनी उघडायचं. शॉट संपला. झाकण अडकलं. मी ओरडतेय, आणि बाहेर सगळे म्हणतायत, वा, बाई, वा. जीव तोडून ओरडले तशी टाळ्या वाजल्या. मग बसला तो आवाज. मी थकून गप्प पडले तेव्हा कुणाला तरी वाटलं, बघू या.” त्यांनी मांडीवरचा पदर सारखा केला. “ओरडणं हा माझा धंदा होता हो. धंद्याचा आवाज कोण खरा मानतो? तेव्हापासून खरं काही झालं की माझी वाचाच बसते.”

यावर दिग्दर्शक म्हणाला, “फारच सुंदर, मावशी. हेच जरा खिडकीकडे बघत परत सांगता?”

बाईंनी परत सांगितलं. दुसऱ्या वेळी सांगताना त्यांचा ओठ थरथरत होता, म्हणून दिग्दर्शकाने तोच निवडला. तो ओठ कात्रीने पडद्यावर इतक्या वेळा पुढे-मागे केला की शेवटी तिने पडद्यावर हात ठेवून तो झाकला. पिल्लाच्या जन्मानंतर असं होतं, कुणीतरी सांगितलं होतं तिला. जरा काही झालं की बघवत नाही. तिने हात काढला आणि काम पुढे रेटलं.

शेवटच्या दिवसाचं चित्रीकरण दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. सासूबाईंची कंबर पुन्हा धरली होती, तेव्हा पिल्लूही आलं होतं. ते जागं असेतोवर कंटाळवाणं काम उरकून घेऊ, म्हणून कात्रीने आधी रूम टोन घेतला.

रूम टोन म्हणजे खोलीची शांतता. रिकाम्या खोलीलाही आवाज असतो, आणि दोन तुकडे जोडले की सांध्यावर तो तुटतो. कानाला खड्डा लागतो. म्हणून चित्रीकरण संपलं की ध्वनिमुद्रक सगळ्यांना गप्प उभं करतो आणि नुसती शांतता मुद्रित करून घेतो. एडिटर ती सांध्यासांध्यांत भरतो, भिंतीच्या भेगांत गिलावा भरावा तशी. ती कुणी ऐकत नाही. ऐकू येऊ नये म्हणूनच ती असते.

कात्रीने ती सगळ्या फिल्मखाली अंथरली आणि फिल्म सुरुवातीपासून लावली. काहीतरी टकटकत होतं. बारीक, कोरडं. टक. टकटक. टक. आधी तिला वाटलं घड्याळ. पण घड्याळ असं अडखळत नाही. वैतागून तिने आवाज चढवला, तर टकटकीखाली श्वास सापडला. आत गेलेला, आणि मग बराच वेळ बाहेर न येणारा. पिल्लाच्या नाकाखाली बोट धरून बसणाऱ्या बाईला श्वासातलं थांबणं शिकवावं लागत नाही. कॅमेरा तेव्हा चालू राहिला होता का, हे तिने शोधलं. राहिला होता.

आधी तिने त्याच्या अगोदरचं बघितलं. बाईंना खुर्चीत बसवलेलं. चेहऱ्यावर राखाडी रबराची कातडी, वाटीतल्या चिकट डिंकाने बसवलेली. गळ्याजवळ तो डिंक जिथे लागला होता तिथे म्हातारी कातडी लाल होऊन सोलली होती. हातांना नखं. तोंडात तेच जुने दात, ओठ पुरते मिटू न देणारे. “एकदाच हं, मावशी. लोकांसाठी,” दिग्दर्शक म्हणाला. बाई मानेनेच नको म्हणाल्या. तो गुडघ्यावर हात ठेवून खाली बसला. “लोक वाट बघतायत हो.” बाई ओरडल्या. “फक्त एकदा परत, मागे गाडी वाजली.” पुन्हा ओरडल्या. “आता शेवटचं, एकदम आतून.” तिसऱ्या वेळी बाईंचं तोंड उघडलं आणि आवाज आलाच नाही. दिग्दर्शकाने हात वर करून सगळ्यांना खुणावलं, हलू नका. त्याचा चेहरा कोपऱ्यात दिसत होता. पुढ्यात पक्वान्न वाढल्यासारखा चेहरा. “कमाल,” तो शेवटी पुटपुटला. “ही शांतताच आपला शेवट.”

तेवढ्यात ध्वनिमुद्रक म्हणाला, “गप्पच आहात तर रूम टोन घेऊन टाकतो. कुणी हलू नका.”

आणि सगळे पुतळे झाले. रूम टोनच्या वेळी कुणी कुणाकडे बघत नाही, हा या लोकांचा अलिखित नियम. नजरेला नजर भिडली की हसू फुटतं आणि पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. कुणी जमिनीकडे बघत होतं, कुणी बुटांकडे. ध्वनिमुद्रकाने तर डोळे मिटले होते. खोलीभर माणसं, आणि मधोमध खुर्चीत बाईंचं अर्धं तोंड खाली ओघळत होतं. दातांच्या कडेने लाळ हनुवटीवर आली. उजवा हात मांडीवरून घसरला तो लोंबतच राहिला. डाव्या हाताचं ते खोटं लांब नख खुर्चीच्या हातावर आपटत होतं. टक. टकटक. डोळे एकेकाकडे जात होते. कॅमेऱ्याकडेही आले. त्या बोलावत होत्या.

“झालं, मस्त,” ध्वनिमुद्रक म्हणाला. लगेच खोली गजबजली. मेकअप करणाऱ्या मुलीने विचारलं, “काढू का यांचं?” दिग्दर्शक म्हणाला, “गाडी थांबलीय. त्या काढतील सावकाश, जन्म गेलाय त्यात. मावशी, उठू नका, दमलात. काय अभिनय केलात, शब्द नाहीत.” बाईंनाही नव्हते. मग कुणीतरी कॅमेऱ्यावर टोपण लावलं.

कात्रीने हेडफोन काढला तेव्हा तिला कानात काहीतरी ओलं लागल्यासारखं वाटलं. सगळ्या फिल्मखाली, दर सांध्यात, तिने स्वतःच्या हाताने ते पसरलं होतं. बाई हसतात तिथेही. जाळ्याचा विनोद होतो तिथेही. ती कचऱ्याच्या डब्यावर वाकली आणि सकाळचा चहा बाहेर आला.

बाईंच्या फोनवर रिंग जात राहिली, कुणी उचलला नाही. धाकटीला लावला. ती लेकीच्या बाळंतपणासाठी परगावी गेली होती. “काल संध्याकाळपासून उचलत नाहीये ताई,” ती म्हणाली. “मला वाटलं तुमच्या लोकांबरोबर असेल, जेवायला वगैरे. मी तुम्हाला म्हटलं होतं ना, गप्प झाली की...” तिने वाक्य पुरं केलं नाही. कात्रीलाही ते पुरं व्हायला नको होतं. पिल्लाला छातीशी बांधून ती रिक्षात बसली. वाटेत दिग्दर्शक लागला एकदाचा फोनवर. मागे हसणं-खिदळणं, चाहत्यांची कसलीशी भेट होती.

“सर, बाईंना खरंच काहीतरी झालंय. तो अभिनय नाहीये.”

“अगं, तेच तर. तुलाही खरं वाटलं ना? एडिटरला खरं वाटलं म्हणजे जिंकलो आपण.”

“सर, अर्धं तोंड लोंबतंय त्यांचं.”

“कात्री, तू घरी जा, झोप काढ. बाळंतिणीला असं होतं.”

तिने फोन ठेवला. शिव्या तिला येत नव्हत्या असं नाही, पण पिल्लाचा कान तिच्या छातीला लागलेला होता.

बाईंच्या मजल्यावर शेजारच्या शिंपीणबाई दारातच काज करत बसल्या होत्या. “त्या ना? आहेत की आत. काल ते शूटिंगवाले गेल्यावर बराच वेळ ठकठक चालू होती. मी म्हटलं, तालीम असेल. नाव झालंय आता त्यांचं.”

दार ढकलताच उघडलं. खटका वाजू नये म्हणून शूटिंगवाल्यांनी कुलपाच्या जिभेवर चिकटपट्टी मारली होती, ती तशीच. एकट्या बाईचं दार काल संध्याकाळपासून नुसतं लोटलेलं. आणि वास आला. फ्रीजची घरघर मुद्रित होऊ नये म्हणून तो बंद केला होता. चालू करायचं कुणाला सुचलं नाही. खालून पांढरट पाणी वाहून सतरंजीखाली गेलं होतं, नासलेल्या दुधाचा आंबूस वास भिंतींना चिकटला होता. टेबलावर यांच्याच जेवणाची खरकटी खोकी, त्यांवर माश्या. बाईंचा फोन खणात, आवाज बंद करून ठेवलेला. माणसाच्या घरातलं जे जे वाजू शकतं ते ते या लोकांनी बंद केलं होतं, आणि काम झाल्यावर निघून गेले होते. गरज सरो, वैद्य मरो.

बाई खुर्चीजवळ जमिनीवर होत्या. जिवंत होत्या. राखाडी कातडी डाव्या गालावरची तेवढी ओरबाडून निघाली होती, कारण डावाच हात चालत होता. उजवीकडचं भूत तसंच होतं. कपडे ओले झाले होते. दात अजून तोंडात. कात्रीने शिंपीणबाईंना हाक मारून रुग्णवाहिकेला फोन करायला सांगितला, पिल्लाला एका हाताने बाजूला धरलं आणि दुसऱ्या हाताची बोटं बाईंच्या तोंडात घालून ते दात बाहेर काढले. दात लाळेने, वाळलेल्या रक्ताने बुळबुळीत होते. किळस आली. बाईंची नव्हे.

बाईंनी आधी तिच्याकडे, मग पिल्लाकडे बघितलं. जीभ जड झाली होती, शब्द चिखलातून पाय काढावा तसा निघाला. “घाब... घाबरेल. तोंड... झाक माझं.”

पिल्लू घाबरलं नव्हतं. ते त्या अर्ध्या भुताचं नाक धरायला बघत होतं. कात्रीने ओढणीच्या पदराने बाईंची हनुवटी पुसली, आणि शिंपीणबाई मागे उभ्या राहून म्हणत राहिल्या, “मी आपली तालीम समजले. खरंच तालीम समजले हो.”

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या की अर्धांगाचा झटका आहे, लवकर आणलं असतं तर हात वाचला असता. एवढंच म्हणाल्या. ‘लवकर’ म्हणजे किती, हे कात्रीला विचारायचं नव्हतं. झटका आला तेव्हा बाईंच्या खोलीत सात-आठ माणसं उभी होती.

दिग्दर्शक दुसऱ्या दिवशी आला. वरातीमागून घोडं, आणि घोड्याच्या हातात गुलाबांचा गुच्छ. बाईंच्या खाटेपाशी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नसावं, आणि तेच जास्त ओंगळ वाटलं. दात कुठे आहेत, त्याने हळूच विचारलं. कात्री म्हणाली, कचऱ्यात टाकले. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा खरं दुःख दिसलं. “अगं, त्या दातांसाठी लोक जीव टाकतात.”

“टाकत होतीच ताई,” धाकटी म्हणाली. ती मिळेल त्या गाडीने आली होती आणि बहिणीचे पाय चोळत बसली होती.

मग तो मुद्द्यावर आला. शेवट तोच ठेवायचा. आता तर त्याला वेगळाच अर्थ आलाय, मावशींचं अख्खं आयुष्य त्या क्षणात आहे, प्रेक्षक रडेल. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे असतात असं कात्रीने ऐकलं होतं. याला मरेपर्यंतही दम नव्हता. बाई सगळं ऐकत होत्या. त्यांनी डावा हात उचलला, बोट त्याच्याकडे नेलं आणि एकेक अक्षर लावत म्हणाल्या, “ते. नको. दाखवू.”

“तुम्ही आधी बऱ्या व्हा, मावशी,” तो म्हणाला, आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. धाकटीने तो उचलून बाजूला केला, जेवताना ताटातली माशी करावी तसा.

कात्रीने त्या संध्याकाळी फिल्मखालची ती शांतता सांध्यासांध्यांतून उपसून काढली. फिल्म उघडी पडली, खड्ड्याखड्ड्यांनी भरली. “शेवट काढा, मग बुजवते,” ती म्हणाली. दिग्दर्शकाने तिलाच काढलं. मूळ चित्रीकरण त्याच्याकडे होतं आणि गावात कात्र्या काही कमी नव्हत्या.

फिल्म लागली. कात्री बघायला गेली, कारण न बघता तिला झोप आली नसती. शेवट तोच होता. फक्त दिग्दर्शकाने चौकट आवळली होती. बाईंचा चेहराच तेवढा मोठा करून घेतला होता; आजूबाजूला बुटांकडे बघत उभी असलेली माणसं, त्यांत तो स्वतः, कापून टाकलेली. पडद्यावर एक बाई एकटीच, रिकाम्या खोलीत, गप्प होत होती. ती टकटक त्याने वाढवून घेतली होती. दिवे लागले तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. तिच्या शेजारचा मुलगा डोळे पुसत मैत्रिणीला म्हणाला, “काय नटी आहे यार.” आता पोरं तसं अर्धं तोंड वाकडं करून फोटो टाकतात. धाकटी ताईच्या हातात फोन देत नाही.

बाई आता बऱ्यापैकी बोलतात. हात गेला तो गेला. कात्री आठवड्यातून एकदा जाते. पिल्लू रांगत खुर्च्यांखाली जातं, बाई त्याला पायाने अडवतात आणि त्याच्याशी तिरकं हसतात. भेटायला कुणी येतं का, असं तिने मध्ये विचारलं. “फिल्म लागली तेव्हा खूप आले,” बाई म्हणाल्या. “सगळे उभ्या उभ्या. फोटो झाला की गेले. माझं मेलीचं, फोटोत तोंड बरं येत नाही आता.”

तेव्हा वाचणाऱ्यांनो, एक करा. तुमच्याही जिन्यात, तुमच्याही गल्लीत अलीकडे कुणाचं तरी कौतुक झालं असेल. कुणा निवृत्त बाईंचा सत्कार, कुणा म्हाताऱ्या गायकाची मुलाखत, पंचाहत्तरी, काहीही. गाड्या आल्या असतील, गर्दी झाली असेल, आणि सगळे आपापल्या घरी गेले असतील. तुम्हाला वाटत असेल, त्यांच्याकडे काय, माणसांची रीघ आहे. आज जाऊन या त्यांच्याकडे. रिकाम्या हाताने गेलात तरी चालेल. आत या म्हणेपर्यंत थांबा, बसा जरा, आणि त्यांच्या तोंडाकडे बघा.